माघातली सावली

धुळ्याबद्दल लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोण? त्याला ओळखणारी माणसं थोडी, आणि त्यांना त्याच्याबद्दल जे ठाऊक आहे ते मीच सांगितलेलं आहे, आणि ते खोटं आहे. इतकी वर्षं पोटात ठेवलं, आता पचत नाही. म्हणून लिहितो.

मी गोपाळकृष्ण, वाईचा. वडील घरोघर पंचांग सांगत. मला त्याची लाज वाटे (खऱ्या लाजेची गोष्ट पुढेच आहे), म्हणून मी पुण्याला जाऊन ओव्हरसिअरची परीक्षा दिली आणि सेहेचाळीस साली सांगलीजवळ माधवनगरला दादासोंकडे लागलो. दादासोंचा मागांचा कारखाना होता. नोकरी कच्ची होती. "सा म्हयनं काम बघतो, मग कायम करतो," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. माझी बायको चारुशीला त्यानंतर लवकरच गरोदर राहिली. कायम होणं मला फार हवं होतं. ही सबब नव्हे. सबबी सांगायला बसलो तर आणखी पुष्कळ सापडतील.

दादासोंच्या बंगल्यामागं पोहायचा हौद होता. श्रीमंतीचा थाट म्हणून नव्हे, आईसाठी. आई बनुबाई, सत्तरीच्या, तरुणपणी कृष्णेच्या पुरात उडी टाकणारी बाई. आता गुडघे धरले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, छातीइतक्या पाण्यात रोज तासभर चालवा. म्हातारीला रोज नदीवर नेणार कोण? दादासोंनी घरामागंच तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद हौद बांधला. गावात चेष्टा झाली, "दादासोंनी आईसाठी कृष्णामाई परड्यात आणली." बनुबाईंना त्याचं काही नव्हतं. सकाळचं पाणी गार लागतं म्हणून साडेअकराला त्या लुगडं खोचून उतरायच्या, तोंडात तंबाखूची गोळी, आणि बारा वाजून गेले तरी एका कडेनं फेऱ्या घालायच्या.

"दादा, डोस्कं भाजतंय रं," एक दिवस त्या हौदातनंच ओरडल्या. "आत्ताच ही गत, मग उन्हाळ्यात काय?"

दादासोंनी मला बोलावलं. हौदावर सावली करायची, उन्हाळ्याच्या आत. कसली करायची ते तुम्ही ठरवा. आणि जाता जाता म्हणाले, "ह्ये काम नीट झालं की तुमचं कायमचं बघू." मी घरी येऊन चारुशीलेला सांगितलं, आणि त्या आनंदात आम्ही दोघांनी बाळाचं नावसुद्धा ठरवून टाकलं.

मी चार नमुने काढले, निळ्या शाईत. पहिला कापडी. लढाई नुकतीच संपलेली, लष्कराच्या लिलावात ताडपत्र्या मिळत होत्या. दादासो म्हणाले, "लढाई सपली की वो, ओव्हरसिअर. आईवर तंबू ठोकू व्हय?" दुसरा मधुमालतीच्या वेलाचा. त्यावर बनुबाई म्हणाल्या, "येल वाढंस्तवर मी ऱ्हातीय व्हय रं?" तिसरा कौलांचा, पण त्याला खांब हौदात रोवावे लागले असते, आणि चालता चालता म्हातारी एखाद्या खांबावर आदळली असती. चौथा पत्र्याचा. पत्रे लिलावात बाराच मिळाले. बारा पत्र्यांत हौद झाकला जात नव्हता.

पाचवा नमुना माझा नव्हता. तो धुळ्याचा.

धुळा आटपाडीकडचा, औंध संस्थानातला, जातीनं धनगर. चाळिशीचा असेल. दोन वर्षांपूर्वी रोग येऊन त्याची सगळी मेंढरं गेली. मग तो बायकोला, सुलाबाईला, घेऊन इकडं आला आणि बांधकामावर माती उचलायला लागला. उंच, काटक, खांद्यावर उन्हाळ्यातसुद्धा घोंगडं. कमी बोलायचा, पण बोलला की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचा, आणि मला ते खटकायचं. मजुरानं खाली बघून बोलावं असं मला तेव्हा वाटायचं. काय म्हणावं त्या अकलेला!

तो म्हणाला, "सायेब, दोनी कडंला बाभळीचं मेडकं, दुबेळक्याचं खांब, रवू. वरनं आडवं वेळू, त्याच्यावर उसाचं पाचट. खालनं तरट ताणू, म्हंजी कचरा पान्यात पडायचा न्हाई. आक्का हौद झाकल."

"दादासोंच्या बंगल्यामागं गोठा बांधायचा का?" मी म्हणालो.

तो हसला. वाईट वाटून घेतलं नाही. हौदाच्या दक्षिणेच्या काठावर घोंगडं पसरलं आणि त्यावर बसून राहिला. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाला, "सावली बघून कळत न्हाई सायेब, बसून कळती."

मला मात्र बघूनच कळलं होतं. कल्पना अशी होती की पत्रे हौदावर घालायचेच नाहीत. दक्षिणेच्या काठावर, पाण्याबाहेर, बारा फूट उंच छप्पर उभं करायचं. दुपारचं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, त्यामुळे छपराची सावली सरकून बरोबर पाण्यावर पडणार. खांब पाण्यात नाहीत, बारा पत्रे पुरतात, वरती आभाळ मोकळं. बांबूवर पत्रा बांधून मी तीन दिवस दुपारी सावली मोजली. निम्मा हौद झाकला जात होता, आणि बनुबाई त्याच निम्म्यात चालत होत्या. मी खडूनं खुणा केल्या. स्वतःवर इतका खूष मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

आता ऐका. त्या तिसऱ्या दिवशी रथसप्तमी होती. सकाळी चारुशीलेनं अंगणात सूर्याचा रथ काढला होता, सात घोड्यांचा, आणि गोवरीवर दूध उतू घातलं होतं. का घालतात? सूर्याचा रथ उत्तरेकडे वळला म्हणून. लहानपणी वडिलांच्या तोंडून हे मी शंभरदा ऐकलेलं. मी पंचांग्याचा पोरगा! त्या दुधाची खीर ओरपली, तोंड पुसलं, आणि वर आकाशात सूर्य रोज उत्तरेला सरकत असताना खाली त्याची सावली सिमेंटात पक्की करायला निघालो.

खड्डे खणायच्या वेळी धुळा कुदळ टेकून उभा राहिला.

"सायेब, येक बोलू?"

"बोल."

"ही सावली माघातली हाय."

"मग?"

"माघातली सावली पाव्हणी. म्हयना-दीड म्हयना ऱ्हाती आन जाती. च्यैतात ती पत्र्याच्या बुडाला यून बसंल. हौद उघडा पडंल. मेंढरं कवा कुटं बसत्यात त्ये आमी जलमभर बगितलंय."

बाजूचे मजूर ऐकत होते. एकजण गालात हसला. तो हसला नसता तर कदाचित मी विचार केला असता. कदाचित. मी म्हणालो, "ओव्हरसिअर तू की मी?"

"तुमीच वो," धुळा म्हणाला, आणि कुदळ उचलून मी खूण केली होती तिथंच खणायला लागला. बोटभरही इकडं-तिकडं नाही.

सिमेंट त्या वेळी कंट्रोलवर मिळायचं, कारखान्यासाठी आलेल्यातलं दादासोंनी दिलं. छप्पर झालं. देखणं झालं, खोटं कशाला बोलू! बनुबाई सावलीत फेऱ्या घालायच्या आणि मला आशीर्वाद द्यायच्या. दादासोंनी माझ्या पाठीवर थाप मारली. धुळ्याचं कामही त्यांनी पाहिलं होतं. त्याला म्हणाले, हौदामागच्या दगडी खोलीत राहा, हौद बघ, झाडं बघ, कायमचा राहा. खोलीच्या दाराशी नळ होता.

त्या नळाचं सुलाबाईला केवढं अप्रूप! तिच्या गावाकडं पाणी दोन कोसांवरनं आणायचं, डोक्यावर एकावर एक हंडे. इथं ती पहिल्या दिवशी नळ सोडायची, बंद करायची, पुन्हा सोडायची. धुळा म्हणाला, "आगं, मोडंल त्यो!" आणि मग स्वतःच जाऊन एकदा सोडून बघितला. मी तिथंच उभा होतो. त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो.

फाल्गुनात सावली मागं सरकायला लागली.

मला दिसलं. ते इथं स्पष्ट लिहायला हवं. बनुबाईंना दिसण्याआधी, दादासोंना दिसण्याआधी मला दिसलं. आज वीतभर, आठ दिवसांनी हातभर. पाण्यावरची सावली काठाकडं निघाली होती. धुळ्यालाही दिसत होतं, पण तो "बघा, मी म्हणलं व्हतं" असं एकदाही म्हणाला नाही. एकदा एवढंच म्हणाला, "आजून येळ हाय सायेब. मी चार मेडकी आणतो, दोन दिसांत मांडव घालतो. दादासोंना सांगा, उन्हाळ्यापुरता हाय म्हून." मी उद्या सांगतो म्हणालो. उद्या म्हणजे चूक कबूल करायचा दिवस. तो मी रोज पुढं ढकलला. नोकरीचे सहा महिने भरत आले होते.

चैत्रात चारुशीलेला कैऱ्यांचे डोहाळे लागले. हे मी कधी बोलता बोलता धुळ्याला सांगितलं असेन. सुलाबाई त्याच्याकरवी रोज दोन-चार कैऱ्या हौदावर माझ्या हाती द्यायची, निवडून, बाठ न धरलेल्या. चारुशीलेनं तिला किंवा धुळ्याला कधी पाहिलं नाही, पण तिच्या कैऱ्या महिनाभर खाल्ल्या.

चैत्राच्या शेवटी एका दुपारी बनुबाई हौदात कोसळल्या. भर ऊन, डोकं उघडं, सावली सगळी काठावर, पाण्यात टिपूससुद्धा नाही. त्या हट्टानं चालत राहिल्या होत्या, कारण मी सकाळीच सांगितलं होतं, "थोडं ऊन येतंय, पण काही होत नाही." धुळ्यानं उडी टाकून त्यांना वर काढलं. मी कचेरीतनं धावत पोचलो तेव्हा त्यांना ओसरीवरच्या बाजेवर निजवलं होतं, कपाळावर ओलं फडकं. शुद्धीवर होत्या. दादासो बाजेजवळ उभे होते, चेहरा काळाठिक्कर.

"खांब हितं कुनी रवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मी खुणा हौदाच्या अगदी कडेशी केल्या होत्या. धुळ्यानं खड्डे मागं घेतले. कातळ लागला म्हणून असेल."

कसं आलं हे तोंडात? मला आजही कळत नाही. विचार केला नव्हता. सगळं वाक्य तयार होऊनच बाहेर आलं, कातळासकट. एकदा बाहेर पडल्यावर मी त्याला धरून बसलो.

दादासोंनी धुळ्याकडं पाहिलं. त्याचे कपडे अजून गळत होते.

"न्हाई," धुळा म्हणाला. "सायबांनी खूण केली तितंच खणलं. येक बोट हालवलं न्हाई."

"म्हंजी ओव्हरसिअर खोटं बोलत्यात?"

"त्ये मी म्हनत न्हाई. मी खणलं त्ये सांगतोय."

बाजेवरनं बनुबाई बोलल्या. आवाज बारीक, पण ठाम. "वाद कशाला रं? पालीच्या खंडोबाचा बेल-भंडारा आना. उचला म्हनावं. देव बगून घील."

आमच्या भागात एवढं पुरतं. बेल-भंडारा हातात घेऊन सांगितलं की ते खरं. कोर्टात गीतेवर हात ठेवून लोक बिनदिक्कत थापा मारतात, पण भंडारा उचलून खोटं बोलायची कुणाची छाती नाही. बोलला तर निर्वंश, असं समजतात. घरातनं तबक आलं. बेलाची पानं, वर हळदीची मूठ.

मी मानत नव्हतो. पुण्यात शिकलो होतो ना! माझ्या लेखी ती हळद होती. मनात हिशेब असा की मी आधी उचलला तर मजुराचं कोण ऐकणार? नोकरी वाचेल. मी एक पाऊल पुढं झालो आणि हात तबकाकडं नेला.

"थांबा, सायेब!" धुळा ओरडला. इतक्या मोठ्यानं तो कधीच बोलला नव्हता. माझा हात तबकावर तसाच राहिला. मग तो दादासोंकडं वळला. "दादासो, माझंच चुकलं. खड्डं मीच मागं घेतलं. भंडारा उचलू नगा कुनी."

दादासो म्हणाले, "मग मगाशी का न्हाई म्हनलास?"

"भ्यालो व्हतो."

भ्यालो होतो म्हणे! त्या ओसरीवर भ्यालेला माणूस एकच होता, आणि तो हात मागं घेत होता. बनुबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. दादासोंनी धुळ्याला संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं. म्हातारीचा जीव वाचवला म्हणून पोलिसात देत नाही, असंही म्हणाले.

मी त्याच्यामागं हौदापर्यंत गेलो. सुलाबाईला एवढ्यात कळलं होतं. ती नळाखाली हंडा भरत होती, जाताना वाटेला लागेल म्हणून. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"धुळ्या, असं का बोललास?" मी विचारलं.

त्यानं घोंगडं झटकलं. "तुमचा हात निगाला व्हता की. घरात बाईसाब पोटुशी. खोटा भंडारा लेकरावर येतो, सायेब. आमची काय, खोली ग्येली. दुसरी गावंल."

"मी मानत नाही रे ते," मी म्हणालो. काय माणूस होतो मी! त्या क्षणी मला सुचलं ते हे.

"तुमी न्हाई मानत," तो म्हणाला. "पर देव मानतो न्हवं?"

बंगल्याचं दार तिथनं वीस पावलांवर होतं. जाऊन सांगायला किती वेळ लागला असता? मी दारापर्यंत गेलो. आतनं दादासोंचा आवाज आला, "ओव्हरसिअर बिचारा, त्याचं नाव उगा खराब झालं असतं." मी परत फिरलो.

वैशाखात मी हौदावर मांडव घातला. दोन्ही काठांना बाभळीची मेडकी, आडवे वेळू, वर पाचट, खाली तरट. अख्खा हौद झाकला. दादासो खूष झाले आणि त्यांनी मला कायम केलं. मांडव कुणाच्या डोक्यातला, हे मी सांगितलं नाही. बनुबाई पुन्हा चालायला लागल्या, पण माझ्याशी त्या शेवटपर्यंत गरजेपुरतंच बोलल्या.

श्रावणात मुलगा झाला. ठरवलेलंच नाव ठेवलं, शरच्चंद्र. पौषात औंधला यमाईच्या यात्रेला गेलो, मूल पायावर घालायला. पायऱ्यांच्या खाली गर्दीत मला धुळा दिसला. मी मान वळवली. त्यानं मात्र हाक मारली, "आवं सायेब!" आणि माणसं बाजूला सारत आला. वाळला होता. दुसऱ्याची मेंढरं राखत होता म्हणाला.

त्याचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. चारुशीलेच्या खांद्यावरच्या मुलाकडं तो बघत होता, वरपासनं खालपर्यंत, हात, पाय, डोळे.

"ल्येकरू बरं हाय न्हवं?"

"हो."

"ताप-बिप?"

"नाही."

"दूध पितंय?"

"हो रे, छान पितंय."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मग झालं," तो म्हणाला. आठ महिने या माणसानं माझ्या पोराची काळजी केली होती, हे मला तेव्हा कळलं. माझा हात हळदीला लागला होता की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी सुलाबाईची चौकशी केली. "बरी हाय. पान्याला ग्येली आसंल आत्ता. दोन कोस हाय न्हवं," तो म्हणाला.

चारुशीलेनं मला हळूच विचारलं, "कोण हो हे?"

आता तरी. देवीच्या पायथ्याशी, पोर धडधाकट, नोकरी पक्की, आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही. सांगायला कसलीच अडचण नव्हती.

"आपल्याकडे हौदावर मजूर होता," मी म्हणालो. "काम चुकलं म्हणून काढावं लागलं."

त्याच्या तोंडासमोर म्हणालो. धुळ्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मुलाकडं.

"व्हय बाईसाब," तो म्हणाला. "माझंच चुकलं व्हतं."

तो गर्दीत गेल्यावर चारुशीला म्हणाली, "माणूस चांगला वाटतो हो."

मी म्हणालो, "चल, वर रांग वाढतेय."